नर्स नोकरी का सोडते? – एका जुन्या प्रश्नाचा इतिहास



संयोजकांनी पत्रिकेवर विषय छापलाय, 'परिचारिका आणि बर्नआउट'. तो वाचून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फोन केला. म्हणाला, "सर, तुम्ही जन्मभर कांट आणि शंकराचार्य शिकवलेत, तुम्हाला हा विषय कुठून सुचला?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. म्हणजे डॉक्टर आहे, पण तत्त्वज्ञानातला, त्याचा ताप उतरायला उपयोग नाही. (हशा) या विषयाकडं मी आलो ते एका चुकीमुळं. ती आधी सांगतो, कारण आजच्या व्याख्यानाचा सगळा मुद्दा त्या चुकीत आहे.

माझी थोरली बहीण नर्स होती. आमच्या घरात मॅट्रिकनंतर शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी. १९६३ साली नर्सिंगला गेली, पुढं एका जिल्ह्याच्या गावी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स झाली. आम्हा भावंडांच्या फिया तिच्या पगारातून गेल्या. १९७४ च्या दिवाळीत ती घरी आली आणि आईला म्हणाली, "मी सोडतेय." मी तेव्हा नुकतंच पीएचडीला नाव नोंदवलं होतं, डोक्यात सगळं ताजं होतं. मी तिला फळाची आशा सोडून कर्म करण्याबद्दल चांगलं अर्धा तास समजावलं. ताई साडीची घडी घालत ऐकत होती. घडी झाली तशी म्हणाली, "रात्री चाळीस पेशंट आणि मी एकटी. दोन टोकांच्या दोन खाटांवर एकदम धाप लागली, तर तुझी गीता मला कुणाकडं जा म्हणते, तेवढं सांग."

मला उत्तर आलं नाही. पण मी हरलो असंही मानलं नाही. मनात म्हटलं, ताईला जमलं नाही. आपण शिकवतो तेवढं सोपं नसतं ते, सगळ्यांना नाही जमत.

'तिला जमलं नाही.' हे वाक्य मी पुढं पुष्कळ वर्षं बाळगलं. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा कळलं, की हे वाक्य माझं नव्हतंच. ते शंभर-दीडशे वर्षं चालत आलेलं आहे. नर्स थकली, नर्सनं नोकरी सोडली, की समाज दोनपैकी एक कारण देतो. एक, ती कमी पडली. दोन, कामाची मांडणी चुकली. पहिलं कारण स्वस्त पडतं, म्हणून ते आधी सुचतं. या दोन कारणांचा झगडा हाच आजचा इतिहास.

सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून करावी लागते. १८५४ च्या नोव्हेंबरात ती ३८ स्त्रियांना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. रात्री हातात दिवा घेऊन जखमी शिपायांमधून फिरणारी बाई, हे चित्र आपल्या शाळेच्या पुस्तकातसुद्धा होतं. पण त्याच्या आदल्या वर्षीची एक गोष्ट पुस्तकात नव्हती. १८५३ साली तिनं लंडनमध्ये हार्ली स्ट्रीटवर आजारी स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाचा कारभार हाती घेतला. तिथं तिनं पहिल्यांदा काय मागितलं? प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा नळ. स्वयंपाकघरातून जेवण वर चढवायला एक रहाट. आणि कोणत्या पेशंटनं घंटा वाजवली ते दिसेल अशी घंटांची सोय. तिचा युक्तिवाद असा, की हे नसेल तर नर्सचा सगळा दिवस जिने चढण्या-उतरण्यात जाईल, तिचे फक्त पाय कामाला लागतील आणि पेशंटकडं बघायला कुणी उरणार नाही.

म्हणजे आधुनिक नर्सिंगची पहिली मागणी नळाची होती. दिवा घेतलेली बाई आपण देव्हाऱ्यात बसवली आणि नळ मागणारी बाई विसरलो. गंमत बघा, क्रिमियाहून परतल्यावर ती स्वतः आजारी पडली आणि पुढची कित्येक वर्षं बहुतेक अंथरुणात राहून, कागद आणि आकडेवारी घेऊन लढली. पण १८६० साली तिच्या नावानं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा निघाली आणि तिथून ही पद्धत जगभर गेली, तेव्हा काय पसरलं? शिस्त पसरली, गणवेश पसरला, मेट्रनचा दरारा पसरला. 'चांगली नर्स म्हणजे चांगल्या चारित्र्याची बाई' ही कल्पना पसरली. मग थकणं हा चारित्र्यातला दोष ठरायला वेळ लागत नाही.

यात पैशाचाही हिशोब होता. इंग्लंड-अमेरिकेत कितीतरी दशकं रुग्णालयांचे वॉर्ड शिकाऊ मुलींच्या जिवावर चालले. शिकणारी मुलगी म्हणजे जवळजवळ फुकट कामगार. सुझन रिव्हर्बी या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८७ साली या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्या समाजात काळजी घेण्याला किंमत नाही, त्याच समाजानं नर्सवर काळजी घेण्याची सक्ती केली. या विसंगतीतून ती बाहेरच पडू शकली नाही.

आता आपल्याकडं येऊ. आपल्याकडं या पेशाला आणखी एक अडथळा होता, विटाळाचा. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, रक्त, पू, बेडपॅन. सुरुवातीच्या बहुतेक नर्स युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिस्ती असत त्याचं हेही एक कारण. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या विधवा, परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. तेव्हा गावात काय काय बोललं गेलं असेल, ते या सभागृहातल्या पुणेकरांना मी सांगायला नको. (हशा) त्या बायकांच्या दृष्टीनं ही सेवा तर होतीच, पण स्वतःच्या पायावर उभं राहण्याची वाटही होती. हा दुसरा अर्थ आपण सोयीनं गाळतो.

सेवेची गोष्ट निघाली की महाराष्ट्रात सावित्रीबाईंचं नाव येतं, आणि यायलाच हवं. १८९७ च्या प्लेगमध्ये त्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्चला त्या गेल्या. आपण नर्सना हे उदाहरण देतो. इथं मला माझ्या विषयातला एक भेद सांगू द्या. जे. ओ. उर्मसन नावाचे ब्रिटिश तत्त्वज्ञ होते. त्यांनी १९५८ साली संत आणि वीर यांच्यावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं, काही कृती कर्तव्याच्या पलीकडच्या असतात. त्या करणाऱ्याला आपण नमस्कार करतो, पण न करणाऱ्याला दोष देऊ शकत नाही. आणि अशी कृती माणूस स्वतःकडून मागू शकतो, दुसऱ्याकडून नाही. सावित्रीबाईंनी जे केलं ते त्यांनी स्वतःहून केलं. त्यांचं नाव घेऊन एखादा अधिकारी तिसरी सलग रात्रपाळी लावत असेल, तर तो त्यागाची गोष्ट सांगत नाहीये, कामाचा रोस्टर भरतोय.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. सार्वजनिक आरोग्यावरचा आपला पायाभूत दस्तऐवज. त्यात नोंद आहे, देशात साधारण ४३,००० लोकांमागे एक नर्स होती. आणि ज्या परिस्थितीत या नर्स राहतात आणि काम करतात ती शोचनीय आहे, असं समितीनं स्पष्ट लिहिलं. म्हणजे १९४६ सालीच आपल्याला दोन्ही गोष्टी माहीत होत्या, की नर्स कमी आहेत आणि आहेत त्यांचे हाल आहेत. आपण पहिलीवर थोडंफार काम केलं. शाळा काढल्या, १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा केला. दुसरी गोष्ट 'पुढं बघू' म्हणून ठेवली. बादलीत पाणी ओतत राहायचं आणि तळाचं भोक बघायचंच नाही, असा तो प्रकार.

आता ज्या अभ्यासानं माझे डोळे उघडले त्याकडं येतो. लंडनमध्ये टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे. तिथं इझाबेल मेन्झिस या मनोविश्लेषक बाई काम करत. १९५० च्या दशकात लंडनच्या एका मोठ्या शिक्षण रुग्णालयानं त्यांना बोलावलं. तक्रार अशी, की शिकाऊ नर्सची विभागणी नीट बसत नाही, सगळी व्यवस्था कोलमडायला आलीय. बाई आत गेल्या, बोलल्या, बघत राहिल्या. त्यांना दिसलं, की सुमारे एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट सोडून जातात. त्यांचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला.

त्यांचा विचार सावकाश समजून घेऊ. नर्सचं काम मुळातच भीतिदायक आहे. मरण, वेदना, उघडी शरीरं, नातेवाइकांचा आकांत, हे सगळं विशी-बाविशीतल्या मुलीनं रोज बघायचं. या भीतीपासून वाचायला रुग्णालयानं काही पद्धती तयार केल्या. कुणी मुद्दाम बसून ठरवल्या नाहीत, हळूहळू झाल्या. एका नर्सला एक पेशंट पूर्ण द्यायचाच नाही. कामाचे तुकडे करायचे. ही सगळ्यांचा ताप बघेल, ती सगळ्यांचे बेडपॅन देईल. माणसाला नावानं न ओळखता खाटेच्या नंबरानं आणि आजारानं ओळखायचं. प्रत्येक गोष्टीची ठरलेली वेळ, मग पेशंट गाढ झोपेत असला तरी उठवायचं. निर्णय शक्यतो वर ढकलायचा, म्हणजे चुकीचा भार एकटीवर येत नाही. आणि मुलींच्या सारख्या बदल्या करायच्या, म्हणजे कुणात जीव गुंतणार नाही.

हे ऐकताना मला ताई आठवली. ती घरी बोलताना म्हणायची, "बारा नंबरचा हर्निया गेला आज घरी." आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचं, ही नर्स झाली आणि कोरडी झाली.

मेन्झिसबाईंचं पुढचं म्हणणं महत्त्वाचं आहे. या पद्धतींनी भीती कमी झाली नाहीच, उलट ज्या एका गोष्टीनं भीती सोसण्याचं बळ येतं ती गोष्ट मात्र गेली. एक माणूस आपल्या हातून बरा होतोय, तो आपल्याला ओळखतो, आपण त्याला ओळखतो, हे समाधान तुकड्या-तुकड्यांत वाटून नाहीसं झालं. आणि सोडून कोण जात होत्या? बऱ्याचदा ज्या अधिक समंजस, अधिक कुवतीच्या होत्या, त्याच. ज्यांना चांगली शुश्रूषा म्हणजे काय ते कळत होतं, त्यांनाच ती करता न येण्याचा त्रास जास्त होत होता.

इथं 'तिला जमलं नाही' हे वाक्य पहिल्यांदा उलटं होतं. नर्स शुश्रूषेनं दमते त्याहून जास्त, शुश्रूषा नीट करता न आल्यानं दमते. हे मला आज सांगायचंय. बाकीचा इतिहास याच्या पुराव्यासाठी.

'बर्नआउट' हा शब्द शास्त्रात आला १९७४ साली, योगायोगानं ताईनं नोकरी सोडली त्याच वर्षी. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ. दिवसा स्वतःचा व्यवसाय, रात्री गरिबांसाठीच्या मोफत दवाखान्यात काम. तिथले उत्साही स्वयंसेवक काही महिन्यांत विझताना त्यांनी पाहिले आणि शेवटी ते स्वतःही विझले. त्यांनी लिहिलं, की हे होतं ते मुख्यतः जीव ओतून काम करणाऱ्यांना. आळशी माणूस करपत नाही. मराठीत याला आपण सरसकट थकवा म्हणतो, पण थकवा झोपेनं जातो. मला 'करपणं' हा शब्द जवळचा वाटतो. भाकरी करपली तर आपण आचेकडं बघतो, भाकरीला बोल लावत नाही.

पुढं कॅलिफोर्नियातल्या क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ साली सुझन जॅक्सन यांच्याबरोबर हे मोजायची प्रश्नावली केली. त्यात तीन लक्षणं धरली आहेत. मन पूर्ण रितं होणं, समोरच्या माणसाकडं वस्तूसारखं बघायला लागणं, आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही असं वाटणं. दुसरं लक्षण म्हणजे आमचा बारा नंबरचा हर्निया! ज्याला आम्ही कोरडेपणा म्हणून हसत होतो ते जखमेवरची खपली होती.

मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी १९९७ साली आणखी एक पाऊल टाकलं. माणूस आणि काम यांचं सहा ठिकाणी बिनसतं असं ते म्हणतात. कामाचा बोजा, कामावरचा स्वतःचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांमधला सलोखा, न्याय आणि मूल्यं. नीट बघा, या सहांत 'नर्सची मानसिक ताकद' कुठंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ साली आपल्या रोगांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली ती कामाच्या जागेशी निगडित घटना म्हणून. रोग म्हणून नाही.

माझ्या विषयातल्या माणसानंही यात भर घातली, याचा मला जरा अभिमान आहे. अँड्र्यू जेमटन हे तत्त्वज्ञ नर्सना नीतिशास्त्र शिकवत. १९८४ च्या पुस्तकात त्यांनी एक भेद केला. नैतिक पेच म्हणजे काय योग्य ते कळत नाही. पण नर्सचं दुखणं बहुतेक वेळा वेगळं असतं. योग्य काय ते तिला पक्कं ठाऊक असतं, संस्थेची रचना ते करू देत नाही. याला त्यांनी नैतिक क्लेश म्हटलं. १९७४ च्या दिवाळीत मी ताईला पेचाचं उत्तर देत होतो. तिला पेच नव्हताच. दोन्ही खाटांजवळ कुणीतरी हवं, हे तिला माहीत होतं. दुसरी नर्स नव्हती, एवढंच.

बरं, मग उपाय काय? इथंही इतिहास आपल्याला मोकळ्या हातानं पाठवत नाही. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत नर्सची मोठी टंचाई झाली. सगळे विचारत होते, नर्स का जातात? अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगच्या अभ्यासगटानं प्रश्न फिरवला. त्यांनी विचारलं, काही रुग्णालयांत त्या टिकतात, त्या का टिकतात? १९८३ च्या अहवालात त्यांनी अशी ४१ रुग्णालयं निवडली आणि त्यांना नाव दिलं मॅग्नेट, लोहचुंबक. तिथं सापडलं काय, तर साध्याच गोष्टी. पुरेशा नर्स. पाळ्या ठरवताना त्यांचं ऐकणं. वॉर्डातले निर्णय वॉर्डात होणं. डॉक्टरांनी बरोबरीनं वागवणं. आणि नर्सिंगची प्रमुख भेटेल अशी असणं, तिला व्यवस्थापनात वजन असणं.

मग आकडे आले. लिंडा एकन यांच्या गटानं पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. दहा हजारांहून अधिक नर्स, दोन लाख तीस हजारांवर शस्त्रक्रियेचे पेशंट. एका नर्सवर सरासरी एक पेशंट वाढला, की तीस दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्स करपण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. करपलेल्या आणि असमाधानी नर्सपैकी ४३ टक्के वर्षभरात नोकरी सोडायच्या विचारात होत्या. ज्यांना या दोन्ही तक्रारी नव्हत्या त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्के. म्हणजे नर्सची दमणूक आणि पेशंटचा जीव हे एकाच कारणाला बांधलेले आहेत.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात नर्सच्या संघटनेनं लढून २००० साली सार्वजनिक रुग्णालयांत पेशंटचं प्रमाण बांधून घेतलं, आणि पेशा सोडून गेलेल्या नर्स मोठ्या संख्येनं परत आल्या. कॅलिफोर्नियानं १९९९ साली कायदा केला, तो २००४ पासून अमलात आला. साध्या वॉर्डात एका नर्सकडं जास्तीत जास्त ६ पेशंट, पुढच्या वर्षापासून ५, अतिदक्षता विभागात २. नंतरच्या तुलनेत तिथल्या नर्समध्ये करपण्याचं प्रमाण इतर राज्यांपेक्षा कमी दिसलं. यातल्या कुठल्याच ठिकाणी नर्सना आधी संत व्हावं लागलं नाही.

आपल्याकडं प्रमाण नाही असं नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मानकात शिक्षण रुग्णालयाच्या वॉर्डात ३ पेशंटमागे १ नर्स, इतर रुग्णालयांत ५ मागे १, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. पण मानक कागदावर आहे आणि पेशंट खाटेवर, प्रसंगी दोन खाटांमधल्या गादीवर. ज्यांनी सरकारी वॉर्डाच्या बाकावर एक रात्र काढलीय त्यांना आकडा मी सांगायची गरज नाही.

खासगी रुग्णालयांनी नर्स राखण्याचा वेगळाच मार्ग काढला, बाँडचा. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची, मधेच सोडलंस तर एवढे पैसे भर. मराठीत टिकवणं आणि अडकवणं हे दोन वेगळे शब्द आहेत. २०११ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या एका रुग्णालयातल्या तरुण मल्याळी नर्सनं आत्महत्या केली. तिच्या सहकाऱ्यांनी बाँडकडं बोट दाखवलं आणि मुंबई, दिल्ली, कोलकाता, केरळमध्ये खासगी रुग्णालयांच्या नर्स रस्त्यावर आल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं समिती नेमली. तिनं सुचवलं, की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयानं राज्य सरकारच्या नर्सएवढा पगार द्यावा आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० च्या खाली जाऊ नये. शिफारस चांगली होती. ती लागू करायची जबाबदारी राज्यांवर आली, आणि पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. (हशा)

मग कोविड आला. २२ मार्च २०२० ला आपण थाळ्या वाजवल्या. ३ मे रोजी हवाई दलानं रुग्णालयांवर फुलं टाकली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतल्या मणिपूरच्या १८५ नर्स राजीनामे देऊन गावी निघाल्या. फुलं टाकण्यात वाईट काही नव्हतं. मीही गॅलरीत उभा राहून थाळी वाजवली. पण गेलेल्या मुलींपैकी कुणी फुलं मागितली नव्हती. महाराष्ट्रात २०२२ च्या मे महिन्यात सरकारी परिचारिका संपावर गेल्या त्या कंत्राटी भरतीच्या विरोधात. मागणी बघा, कायमची माणसं द्या. पुन्हा तीच, हार्ली स्ट्रीटवरच्या नळाची जातकुळी.

इथं कुणीतरी मला अडवेल, अडवायला हवं. म्हणेल, "सर, सगळं मांडणीवर ढकलता, मग केईएमचं काय?" मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथंच हल्ला झाला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सनी त्यांना सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिसरी आली. त्यांना रुग्णालयाबाहेर हलवायचा विचार झाला तेव्हा नर्सनी विरोध केला. २०११ साली दयामरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा त्यांनी ठाम सांगितलं, आम्ही बघतो हिचं. या बायका का नाही करपल्या?

मी यावर पुष्कळ विचार केला. 'बघा, सेवा अशी करावी' असा धडा यातून काढला तर आपण परत माझ्याच चुकीवर येतो. मला त्यात दुसरं दिसतं. हे काम त्यांच्यावर कुणी लादलं नव्हतं, त्यांनी ते आपलं मानलं होतं. ते एकटीवर नव्हतं, अनेकींत वाटलेलं होतं. तिथं खाटेचा नंबर नव्हता, नाव होतं. आणि आपण केलेलं डोळ्यांना दिसत होतं. मेन्झिसबाईंच्या रुग्णालयात जे जे हिरावलं गेलं होतं, ते ते इथं होतं. आणखी एक गोष्ट विसरू नका. १९७३ साली हल्ल्यानंतर याच नर्स सुरक्षिततेसाठी संपावर गेल्या होत्या. संप करणाऱ्या आणि सेवा करणाऱ्या बायका वेगळ्या नव्हत्या. 'सेवाव्रती असून संप करता?' असं विचारणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो, वेळही संपलीय.

ताईनं नोकरी सोडल्यावर पुढं एका शाळेत कारकुनी केली. नर्सिंगबद्दल ती कडवट बोलली नाही, फारशी बोललीच नाही. शेवटच्या दुखण्यात आम्ही तिला रुग्णालयात ठेवलं होतं. मी रात्री बाकावर बसायचो. एका रात्री सलाइन संपत आलं होतं, दोनदा सांगूनही सिस्टर आली नव्हती. मी तणतणत उठलो. ताईनं हात धरला आणि विचारलं, "आज तिच्याकडं किती पेशंट आहेत, बघ जरा." मी बाहेर जाऊन मोजले. सव्वीस होते. येऊन सांगितलं. ती म्हणाली, "मग येईल ती. बस."

चाळीस वर्षांपूर्वी मी जो प्रश्न तिला विचारायला हवा होता, तो तिनं त्या रात्री माझ्याकडून दुसऱ्या कुणासाठी विचारून घेतला. मी तेव्हा तिची माफी मागितली. "कशाबद्दल?" म्हणाली. तिला ती दिवाळी आठवत नव्हती, किंवा आठवत असून तिनं तसं म्हटलं.

तुम्ही पुढच्या वेळी कुणाला भेटायला रुग्णालयात जाल तेव्हा एवढंच विचारा, या पाळीला एका नर्सकडं किती पेशंट आहेत? विचारायचं ते नर्सला नाही, तिला वेळ नसतो. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला विचारा, आपल्या नगरसेवकाला, आमदाराला विचारा. उत्तर आकड्यात मागा.